मदत हवी आहे: चॅट आणि व्हॉइस कॉलसाठी एक्सएमपीपी (चॅटसाठीचा प्रोटोकॉल) घेऊ की एसआयपी (नेटवरचे कॉल जोडण्याचा प्रोटोकॉल)?

नमस्कार मंडळी, आमच्याकडचे दूधवाले शेतकरी आणि जनावरांचे डॉक्टर यांच्यासाठी ॲप बनवतोय, चॅट आणि व्हॉइस कॉल दोन्ही हवंय, फोन सगळे साधे अँड्रॉइड आणि वस्तीवर नेट कधी फोरजी तर कधी नुसतं टूजी. कॉलला वेबआरटीसी (नेटवरून थेट आवाज पाठवायचं तंत्र) पक्कं, ओपस कोडेक (आवाजाचा डेटा लहान करणारा) त्यात येतोच आणि तो ६ केबीपीएसपर्यंत उतरतो, एन्क्रिप्शनही सक्तीचं. पण त्यात सिग्नलिंग, म्हणजे कॉल कुणी कुणाला कसा जोडायचा, हे ठरवून दिलेलं नाही ना, घोळ तिथेच आहे, म्हणून एक्सएमपीपी की एसआयपी हा प्रश्न.

एसआयपी घेतलं तर पुढे गेटवे लावून डॉक्टरांच्या साध्या नंबरवर कॉल वळवता येईल. एक्सएमपीपीत चॅट आणि जिंगलने (त्याच्या कॉलसाठीच्या जोडभागाने) कॉल जोडणं एकाच कनेक्शनवर होतं, आणि रेंज जाऊन थोड्या वेळात परत आली की एक्सईपी-०१९८ (तुटलेलं कनेक्शन सांभाळणारा त्याचा जोडभाग) मुळे सेशन तिथूनच पुढे चालू, मधले मेसेज हरवत नाहीत. मला हेच बरं वाटतंय, कारण गाय अडलेली असताना "डॉक्टर निघालेत" हा मेसेज पोचलाच पाहिजे.

मोबाईल नेटवर्कच्या नॅटमुळे (अनेक फोन एकाच आयपी पत्त्यामागे असल्याने) दोन फोन थेट जोडले जात नाहीत, म्हणून बरेच कॉल टर्न सर्व्हरवरून (मधे राहून आवाज पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरवरून) जाणार, तर छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) कोटर्न हे टर्न सर्व्हरचं सॉफ्टवेअर कुणी चालवलंय का, एकावेळी किती कॉल झेपतात? आणि ॲप बंद असताना रिंग वाजवायला एफसीएमशिवाय (गुगलची पुश नोटिफिकेशन सेवा) काही भरवशाचं आहे का? प्लीज सांगा.