मे महिन्यात लग्न, चेहऱ्याला फिलर घ्यायचंय: आधी काय तयारी करावी?

बिंदुसरा_बीड

मेच्या दुसऱ्या आठवड्यात माझं लग्न आहे. डोळ्यांखाली खोलगट दिसतं आणि गाल बसलेत, म्हणून संभाजीनगरला जाऊन हायल्युरोनिक अॅसिडचं फिलर (खोलगट जागा भरायला सुईने टोचतात ते जेल) घ्यायचा विचार आहे. इथल्या एका पार्लरमध्ये बिनसुईच्या पेनाने निम्म्या पैशांत करून देतो म्हणतात. डोकं दुखलं की मी कॉम्बिफ्लाम घेते, एका दाढेचं रूट कॅनॉल राहिलंय आणि ताप आला की ओठावर बारीक फोड येतात. किती दिवस आधी करावं, काय बंद करावं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

त्वचा_लातूर

ताई, पार्लरचा विचार आधी डोक्यातून काढा. ते पेन नुसत्या दाबाने द्रव कातडीत ढकलतं. तो किती खोल गेला, रक्तवाहिनीत शिरला का, हे हातात पेन धरणाऱ्याला कळतच नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2021 मध्ये या पेनांविरुद्ध जाहीर इशारा दिला आहे. डॉक्टर एमडी त्वचारोग किंवा एमसीएच प्लास्टिक सर्जरी झालेले हवेत. त्यांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. विचारायला संकोच करू नका.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात करून घ्या, त्यापुढे ढकलू नका. सूज आणि काळंनिळं बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत जातं, दोन आठवड्यांनी डॉक्टर पुन्हा बघून कमी-जास्त करतात, आणि हळदीला सगळ्या बायका चेहरा चोळतील तोवर फिलर नीट बसलेलं असतं. फेशियल, ब्लीच, मसाज हे नंतर दोन आठवडे नको.

रूट कॅनॉल फिलरच्या निदान दोन आठवडे आधी संपवा. दाढेतले जंतू रक्तात उतरून फिलरभोवती बसू शकतात आणि मग गाठ, पू असं लांबतं. आधी जमलं नाही तर नंतरही दोन आठवडे दाढेला हात लावू नका. ओठावरचे फोड नागिणीच्या जातीच्या विषाणूचे असतात आणि सुईने तो पुन्हा जागा होतो. हे डॉक्टरांना नक्की सांगा, म्हणजे आधीपासून व्हॅलासायक्लोव्हिर (त्या विषाणूवरच्या गोळ्या) सुरू करतील. फोड उठलेला असताना करूच नये.

कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं, त्याने रक्त गोठायला वेळ लागतो आणि चेहरा काळानिळा होतो. ते आठवडाभर आधी बंद करा, डोकं दुखलं तर साधी पॅरासिटामॉल घ्या. माशाच्या तेलाच्या आणि व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूलही त्याच यादीत. भाजीतल्या लसणाने काही होत नाही. वाचणाऱ्या इतरांसाठी: हृदयासाठी इकोस्प्रिन (रक्त पातळ ठेवणारी अॅस्पिरिन) चालू असेल तर ती मनाने कधीच बंद करू नका, ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारा. गरोदर असताना किंवा बाळ अंगावर पीत असताना फिलर टाळतात.

आणि एक. डोळ्यांखाली खळगा आहे की नुसता काळेपणा, हे बघा. खिडकीच्या उजेडाकडे तोंड वर करून आरशात पाहा. काळं गेलं तर ती खळग्याची सावली होती. तसंच राहिलं तर तो कातडीचा रंग, आणि रंगावर फिलर चालत नाही. आपल्याकडे रंगाचंच प्रमाण मोठं. डोळ्यांखाली वरवर भरलं तर जागा निळसर दिसते, म्हणून तिथे थोडं आणि खोल लागतं.

औषधं_परभणी

फिलरची सिरिंज ज्यात येते त्या डब्याबद्दल लिहितो, कारण आपल्या उन्हाळ्यात ही बाब फार महत्त्वाची. नेहमीच्या कंपन्यांची बरीच फिलर्स 25 अंशांच्या आत ठेवायची असतात. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, वीजही जाते. सिरिंज कुठे ठेवली होती, कुरिअरने आली तर किती वेळ बाहेर होती, हे विचारा.

सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला लावा. मुदत आणि लॉट क्रमांक वाचा. डब्यातली लॉटची चिकटपट्टी आपल्या कागदावर लावून घ्या. पुढे काही झालं तर आत नेमकं काय आहे ते त्याच्यावरून कळतं. भारतात आयातीचा परवाना क्रमांक आणि आयातदाराचा पत्ता डब्यावर असतो. ते नसेल तर उठून या. उरलेलं फिलर पुढच्या वेळेसाठी ठेवतो म्हणाले तर नको म्हणा. एक सिरिंज, एक माणूस, एकच बैठक.

हायल्युरोनिडेजच्या 1500 युनिटच्या कुप्या दवाखान्यात आहेत का, हेही विचारा. फिलर विरघळवणारं औषध तेच. फिलर शिरून रक्तवाहिनी अडली तर एका कुपीने भागत नाही, तासातासाने पुन्हा द्यावं लागतं. मधमाशी चावल्यावर अंगावर गांधी उठत असतील तर ते आधीच सांगा, या औषधाचीही अॅलर्जी येऊ शकते. सिलिकॉनसारखी कायमची फिलर्स याने विरघळत नाहीत, म्हणून ती घेऊ नका.

बिंदुसरा_बीड

खूप आभार. सकाळी करून संध्याकाळच्या एसटीने परत आले तर चालेल का? आणि धोक्याचं लक्षण ओळखायचं कसं?

त्वचा_लातूर

त्या रात्री संभाजीनगरलाच मुक्काम करा. वाहिनी अडल्याची खूण कधी लगेच दिसते, कधी काही तासांनी, आणि बीडहून मागे फिरण्यात तास जातात.

कातडी पांढरी पडली, मग जाळीसारखी निळसर-जांभळी दिसू लागली, दुखणं वाढत चाललं, तर लगेच डॉक्टरांना फोन करा. बोटाने पाच सेकंद दाबून सोडा, दोन-तीन सेकंदांत रंग परतला पाहिजे, दुसऱ्या गालाशी ताडून बघा. साधा काळानिळा डाग दाबल्याने पांढरा होत नाही. पांढऱ्या जागेवर बर्फ लावू नका, त्याने वाहिनी आणखी आकसते; कोमट कापड ठेवा. चार दिवसांनी तिथेच पुटकुळ्या आल्या तर मुरमं समजून मलम लावत बसू नका, लगेच दाखवा. डोळ्यापुढे अंधारी आली, दुहेरी दिसलं किंवा डोळा दुखला तर एक मिनिटही न थांबता नेत्रविभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा. नाक आणि भुवयांमधली जागा यासाठी सर्वात जोखमीची. तिथे करूया म्हणाले तर ठाम नाही सांगा.

बाकी, दोन-तीन दिवस स्कूटीवर जाताना स्कार्फ नेहमीसारखा घट्ट गुंडाळू नका. गालावर ताण पडतो आणि फिलर सरकू शकतं. सैल ओढणी चालेल, उन्हात मात्र जाऊ नका.