पुरात पुस्तकं जातात ती नदीमुळे की तळमजल्यामुळे?

गोदाकाठचा:
दर पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण नाशिककर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीचे फोटो टाकतो, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, २०१९ ला तर पार डोक्यावरून. मग सराफ बाजार, भांडीबाजार, दुकानांचे पंचनामे. कागदाचा पंचनामा कोण करतं? त्याच २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या नगर वाचनालयात शिरलं आणि जुनी जुनी पुस्तकं चिखलात गेली, चार दिवस हळहळलो आणि विसरलो. माझं मत कडक आहे, राग आला तर येऊ दे. पुस्तकं नदी नेत नाही, आपणच ती तळमजल्यावर नदीसाठी ठेवून देतो. पुराचं पाणी कुठवर येतं त्याची लाल-निळी पूररेषा आखलेली आहे ना, मग त्या रेषेच्या आत जुनी पुस्तकं, पोथ्या, कागदपत्रांची दप्तरं तळमजल्यावर ठेवणाऱ्या वाचनालयाचं अनुदान थांबवा. आणि यादी नसेल तरी थांबवा, कारण यादी नसली की काय गेलं तेही कळत नाही.

कारंजावाली:
दादा, बोलायला काय जातं. अनुदान थांबवलं की पूर यायच्या आधीच वाचनालय बंद. ड वर्गाच्या, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालच्या वाचनालयाला मिळतं किती, त्यात ग्रंथपालाचा पगार धड निघत नाही, वरचा मजला कुठून आणायचा? आमचं आहे जुन्या वाड्यात, वर लाकडी माळा, त्यावर चार कपाटं पुस्तकं चढवली तर पुराची वाट बघायला नको, माळाच खाली येईल. आणि वाचायला येणारे निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे, गुडघे दुखतात त्यांचे, जिना चढून कोण येणार.

पीडीएफवाला:
एवढं भांडताय कशाला, सगळं स्कॅन करा, क्लाउडवर टाका, विषय संपला. २०२६ चाललंय.

जुना बाजार:
@पीडीएफवाला संपला कसा? स्कॅनमध्ये अक्षरं येतात, कागद कुठला, शाई कसली, शिवण कशी, समासात कोणी काय खरडलंय आणि नंतर कोणी खोडलंय, हे निम्मं तिथेच राहतं. आणि गंमत बघा, पाण्यात जुनी पोथीच जास्त टिकते. हातकागद चिवट असतो, काजळीची शाई सहसा फुटत नाही, उलट आपली गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं भिजून सुकली की पानाला पान असं चिकटतं की वीटच. खरा शत्रू बुरशी, दोन-तीन दिवसांत धरते. १९६६ च्या नोव्हेंबरात इटलीत आर्नो नदी फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात घुसली, लाखो पुस्तकं चिखलात, देशोदेशीच्या पोरांनी हातोहात बाहेर काढली, आणि तिथलं दुरुस्तीचं काम पुढे कित्येक वर्षं चाललं. आता तर ओली पुस्तकं सरळ गोठवतात, म्हणजे बुरशी थांबते आणि मग सावकाश सुकवता येतात. आपल्याकडे पिंपळगाव-ओझरला द्राक्षांची एवढी कोल्ड स्टोरेज आहेत, कोणी आधी बोलून ठेवलंय का?

कारंजावाली:
द्राक्षाचं कोल्ड स्टोरेज शून्याच्या आसपास चालतं हो, त्यात पुस्तक गोठणार नाही, नुसतं गार पडेल. फ्रोझन मटारवाल्यांना विचारा. पण हे मात्र पटलं, यात पैशापेक्षा फोन नंबर लागतो.

पंचवटीकर:
मी उपाध्यायाच्या घरचा, रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर राहतो, म्हणून बोलतो. आमच्याकडे यजमानांच्या वह्या आहेत, कोणत्या गावचा कोण कधी आला, सोबत कोण होतं, सही किंवा अंगठा. पुराचा भोंगा वाजला की आमच्या घरात आधी वह्या वर जातात, मग धान्य, मग टीव्ही. कोणाच्या अनुदानाची धमकी लागली नाही कधी. कागद त्याच्याकडेच वाचतो ज्याचं त्याच्यावर पोट आहे. संस्थेच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते तो पुराच्या दिवशी नदीच्या पलीकडे अडकलेला असतो. आणि स्कॅन करायला आम्ही देणार नाही, आधीच सांगतो. पणजोबाची सही बघून माणूस रडतो, ती मोबाईलवर फुकट दिसायला लागली तर आमच्या ओट्यावर येईल कोण?

गोदाकाठचा:
काका, तुमच्याबद्दल आदरच आहे, पण तुमची पोरं गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये गेल्यावर वह्या वर कोण चढवणार? पोटाचा प्रश्न असेल तर स्कॅन करा आणि तुमच्याच लॉकरमध्ये ठेवा ना, जगाला दाखवा कोण म्हणतंय. आणि पूर नसला तरी वाडे पडतातच दर पावसाळ्यात, त्या मातीत किती दप्तरं गेली कोणी मोजलीत?

पंचवटीकर:
पोरगा गेलाय फ्लॅटवर. पाणी वाढलं की पहिला फोन त्याचाच येतो, वह्या वर नेल्या का म्हणून. लॉकरचं बघू, पण अनुदान बंद करायची तुमची भाषा मला अजून पटलेली नाही. ज्या बाई पगार धड नसताना वाचनालय चालवतायत त्यांनाच दंड, हा कुठला न्याय?

गोदाकाठचा:
दंड नको तर निदान यादी तरी सक्तीची करा. वही, पेन आणि दोन कॉलेजची पोरं, याला मजला लागत नाही.

कारंजावाली:
पोरं पाठवा. रविवारी सकाळी उघडं असतं.