नातीच्या वहीतली एण्णगाई

शहापूरची आज्जी
मुलगा न्यू जर्सीत असतो. नात नऊ वर्षांची, तिथंच जन्मलेली. तिच्या रविवारच्या मराठी शाळेत 'माझ्या आजीचा स्वयंपाक' यावर लिहायचं होतं. तिनं लिहिलं: कडक भाकरी, एण्णगाई, शेंगाचटणी. बाईंनी एण्णगाईवर, म्हणजे आमच्या तेलातल्या वांग्यांवर, काट मारली, वर 'भरली वांगी' लिहिलं आणि सांगितलं, ती कानडी भाजी, आपली नव्हे. पोरीनं फोनवर विचारलं, "आज्जी, मग आपण कोण?"

राहवेना म्हणून लिहायला बसले. आमच्यात, बेळगावकडं, दोन्ही करतात. भरल्या वांग्यात खोबरं नि तीळ. एण्णगाईत भाजलेले शेंगदाणे, कारळे, चिंचगूळ, आणि तेल एवढं की वाटीला तवंग धरला पाहिजे. ही भाजी मला सासूनं शिकवली, आणि सासू जन्मभर मराठीच बोलली. परमुलखात वाढणाऱ्या पोरांना 'हे आपलं, ते परकं' असं ताटातनं शिकवू नये, असं माझं मत. तुमचं?

खानापूरकर
आज्जी, वाईट वाटलं, तरी मी बाईंच्या बाजूनं. १९५६ च्या राज्यरचनेत आपण इकडं, आत्ताच्या कर्नाटकात, राहिलो, तेव्हापासनं एकेका शब्दासाठी झगडतोय. सरकारी कागद, बसच्या पाट्या. २०१४ ला बेळगावचं नावसुद्धा बेळगावी झालं. इथलं पोर बाजारात दोन्ही भाषा ऐकतं, त्याला कोण आपण ते सांगावं लागत नाही. तिकडं त्या पोरीला मराठी मिळणार आठवड्यातनं दोन तास. तेवढ्यात तरी मराठी शब्द पडू दे कानावर. माझ्या भावाची मुलं पुरणपोळी आवडीनं खातात आणि मागतात इंग्रजीत. भाकरी खाऊन कोण मराठी राहत नाही.

कॅम्पातला
आमचे पणजोबा राजस्थानातनं बेळगावात आले. कुंदा इथं रुजवला तो तिकडनं आलेल्या मिठाईवाल्यांनीच, असं गावात सांगतात. आज कुंदा कुणाचा म्हणून कोण विचारत नाही, बेळगावचा म्हणजे बेळगावचा. पण शाळेत माझ्या डब्यात केरसांगरी, आमची राजस्थानी भाजी, दिसली की पोरं "काड्या खायलंय बघ" म्हणायची. मी आईला म्हटलं, डब्यात देऊ नको. मग तिनं हळूहळू घरात करायचीच सोडली. माझ्या पोरांना आता ती भाजी माहीत नाही, तिचं नावही नाही. दादा, वहीतल्या काटेनं हेच होतं.

खानापूरकर
काट मारायला नको होती, हे मान्य. एण्णगाई राहू दे, शेजारी भरली वांगीही लिहू दे. पण भाषेचा मुद्दा मी सोडत नाही. भाषा गेली की पदार्थ सणापुरता उरतो.

निपाणीची, सध्या लंडन
मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. इकडं ज्वारीचं पीठ मिळतं ते जुनं, विरी गेलेलं. थापता थापता भाकरी कडेनं चिरते. आठ तास नोकरी करून मी ती थापायची, आणि गावाकडनं फोन आला की पहिला प्रश्न, "मुलांना भाकरी करून घालतीस ना?" नवऱ्याला हे आजवर कुणी विचारलं नाही. मुलांची ओळख टिकवायची म्हणता, पण ती टिकवणारे हात कुणाचे ते कुणी बोलत नाही. माझा मुलगा पास्ता खातो. तो मराठी बोलतो, कारण मी त्याच्याशी बोलते.

शहापूरची आज्जी
पोरी, तुझं लागलं मला. माझ्या मुलाला मी कधी काठवटीजवळ फिरकू दिलं नाही. "तू अभ्यास कर जा" म्हणायची. आता त्याची बायको व्हिडिओ बघून भाकरी शिकतेय.

जूनमध्ये सगळे येतायत. बाप-लेक दोघांना पुढ्यात बसवते. उकळतं पाणी पिठात कधी घालायचं, पीठ कुठवर मळायचं, तव्यावरच्या भाकरीवर पाणी कसं फिरवायचं, हे सगळं मराठीतच सांगणार, खानापूरकर दादा. भाजीला मात्र एण्णगाईच म्हणणार.