'स्पीशीज ३'ला शेंबूड म्हणणाऱ्यांसाठी (धागा जरा लांब आहे)

खरवस

परवा सिनेमांच्या धाग्यावर रीळ_फिरवणारा यांनी हॉलीवूडच्या 'स्पीशीज' या राक्षसपटांच्या मालिकेबद्दल फर्मान काढलं: "'स्पीशीज' एकच, १९९५चा. दुसरा भाग म्हणजे लाज आणि तिसरा-चौथा डीव्हीडीच्या ढिगातला शेंबूड. ते आवडतात म्हणणाऱ्यांना उघडी अंगं बघायची असतात, बाकी काही नाही." दोन दिवस गप्प बसले. पण ते 'बाकी काही नाही' डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा.

मुळात पहिल्या भागाचं एवढं कौतुक कशासाठी? अंतराळातून डीएनएची कृती येते, सरकारी शास्त्रज्ञ ती मानवी बीजात घालतात, मुलगी (सिल) जन्मते, भराभर वाढते, घाबरून तिला सायनाइड द्यायला जातात, ती काच फोडून पळते. इथपर्यंत झकास. त्यानंतर एक बाई लॉस एंजेलिसमध्ये वर शोधते आणि पाच जण तिच्या मागे फिरतात. बेन किंग्जली, आल्फ्रेड मोलिना, फॉरेस्ट व्हिटेकर असली माणसं घेऊन हे! व्हिटेकरला काम काय, तर दारात उभं राहून अंगात आल्यासारखं "इथे काहीतरी वाईट घडलंय" म्हणायचं. समोर रक्त सांडलेलं असताना.

तिसऱ्याकडे (२००४) पैसा नव्हता. टीव्ही नि डीव्हीडीवरच आला. दोन-चार खोल्या, एक प्रयोगशाळा, एक व्हॅन. पण पहिल्या दोघांनी टाळलेला प्रश्न त्यानेच विचारला: या मिश्र पोरांचं पुढे काय होतं? दुसऱ्या भागातला मंगळावरून बाधित होऊन आलेला अंतराळवीर जी पोरं मागे ठेवतो, ती माणसाच्या पोटची. ती साध्यासुध्या दुखण्यांनी मरतायत, कारण आपले रोग त्यांना सोसत नाहीत. ती धड इकडची नाहीत, धड तिकडची नाहीत, आणि एका प्राध्यापकाच्या मागे लागतायत की आम्हाला वाचव. राक्षसाची कीव यावी असं या मालिकेत फक्त इथेच घडतं. राक्षसाचं रबर दिसतं? दिसतं. मग?

रीळ_फिरवणारा

खरवसताई, आपलं नाव न घेता लिहिलं होतं, तुम्ही स्वतःहून टोपी घातलीत. असो.

पहिल्या भागातला राक्षस एच. आर. गिगरचा आहे. 'एलियन'च्या दृश्य परिणामांसाठी १९८० साली ऑस्कर मिळालेल्या चमूतला माणूस. सिलच्या स्वप्नातली ती भुताची आगगाडी करायला त्याने स्वतःच्या खिशातले पैसे घातले, आणि पडद्यावर ती किती सेकंद दिसते ते मोजा. एवढं वेड लागतं तेव्हा चित्र उभं राहतं. तिसऱ्यात काय आहे? त्याच्याच आराखड्याची झेरॉक्सची झेरॉक्स. पहिल्या दोन भागांची नायिका नताशा हेन्स्ट्रिज सुरुवातीला तोंड दाखवून मरते, की पोस्टरवर नाव टाकायला मोकळे.

प्रश्न चांगला विचारला म्हणून सिनेमा चांगला होत नाही. प्रश्न माझी बायकोपण चांगले विचारते.

खरवस

गिगरचं नाव काढलंच आहे तर पूर्ण सांगा ना. हा सिनेमा 'एलियन'सारखा होतोय म्हणून तो स्वतःच कुरकुरत होता. म्हणजे पहिली झेरॉक्स तुमचीच.

आणि पैशाचं म्हणाल, तर पहिल्यावर साधारण साडेतीन कोटी डॉलर लागले नि अकरा कोटींच्या वर मिळाले. दुसऱ्यावर जवळपास तेवढेच घातले, जगभरातून तीन कोटीसुद्धा आले नाहीत. पैशाने सिनेमा होतो म्हणता, तर दुसऱ्याचं काय झालं?

खोडदची_छत्री

मला तुमच्या भांडणात पडायचं नाही. माझा दात वेगळ्याच गोष्टीवर आहे. १९७४ साली पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीवरून अंतराळात संदेश पाठवला तो १,६७९ बिटांचा, २३ गुणिले ७३, आणि रोख एम-१३ या तारकागुच्छाकडे, जो सुमारे २५,००० प्रकाशवर्षं लांब. सिनेमात ती डीएनएची कृती म्हणजे या संदेशाचं उत्तर, आणि ते वीस वर्षांच्या आत हजर! म्हणजे उत्तर देणारा दहा प्रकाशवर्षांच्या आतला पाहिजे. शेजारच्या वाड्यातला म्हणा ना. आमच्या नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश उभ्या आहेत, पोरांची सहल गेली की हेच विचारतात, "काका, उत्तर आलं का?"

यान पाठवण्यापेक्षा कृती पाठवणं स्वस्त, ही मूळ कल्पना मात्र अस्सल. तेवढ्यासाठी पहिल्याला माझे पाच गुण.

शिवारातला_बापू

सिनेमा पाहिला नाही, पण हायब्रिडबद्दल चाललंय म्हणून लिहितो. खरवसताई म्हणतात पोरं नाजूक, आपल्या रोगाला बळी पडतात. ताई, हे आमच्या नगर जिल्ह्यात १९७१ला घडून गेलंय. बाजरीत.

आमच्या आजोबांनी हायब्रिड बाजरी लावली होती. पहिली दोन-तीन वर्षं कणसं अशी की गाडीत मावेनात, मळणी आटपेना. मग त्या पावसाळ्यात गोसावी आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कणसात दाणा भरायच्या ऐवजी हिरव्या पानांच्या जटा येतात, गोसाव्याच्या डोक्यासारख्या. आजोबा सकाळी बांधावर गेले ते दुपारपर्यंत आलेच नाहीत. आजी भाकरी घेऊन गेली तर हे एकेक कणीस हातात घेऊन उलगडून बघतायत, आत दाणा आहे का. शेजारच्या तुकड्यात गावरान बाजरी होती, तिला काही झालं नाही. पुढच्या वर्षी दुष्काळ. मग रेशनची लाल मिलो (परदेशी ज्वारी) खाल्ली, जी आजी मरेपर्यंत "जनावराचं खाणं" म्हणायची.

तेव्हा तुमचा तो राक्षस मला तरी खरा वाटतो.

परागकण

बापू, तुमच्या आजोबांचं खरंच वाईट वाटलं. पण दोष हायब्रिडपणाचा नव्हता हो. मी शेती खात्यात तीस वर्षं घालवली आहेत. १९६५ला बाजरीचा पहिला संकर (हायब्रिड) एचबी-१ आला. तो आणि त्यानंतरचे एचबी मालिकेतले संकर, सगळ्यांची आई एकच: टिफ्ट-२३ए, अमेरिकेतल्या जॉर्जियाहून आणलेली. त्या आईला केवडा, म्हणजे तुमचा गोसावी, सोसत नव्हता. आई एक म्हटल्यावर रोगालाही एकच कुलूप फोडायचं होतं.

आता सिनेमा. (नातीबरोबर पाहिला, बहाणा नको.) त्यांची वंशावळ चुकली आहे. तिसऱ्यातली सारा ही ईव्ह (दुसऱ्या भागातली सिलची प्रत) आणि बाधित अंतराळवीर यांची, म्हणजे संकर गुणिले संकर. त्यातून शुद्ध आणि अव्वल पोरगी निघाली म्हणे! संकरित बी परत पेरल्यावर काय उगवतं ते बापूंना विचारा: एक उंच, एक बुटकं, एक वांझ. शुद्ध वाण बांधायला सहा-आठ पिढ्या निवड करावी लागते. आणि मुळात एवढ्या लांबच्या जातींचा संकर फळावाच कसा? घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३, आणि खेचर वांझ. ही तर ताऱ्यांपलीकडची.

शिवारातला_बापू

साहेब, तीस वर्षं खात्यात होता ना, मग आई एकच आहे हे आजोबांना कोण सांगणार होतं? बियाणं देताना "दुप्पट उतारा" एवढंच सांगितलं. हायब्रिड ज्वारीचं तेच. १९६४ला सीएसएच-१ आणली. खरिपात लवकर तयार होते आणि पावसात सापडून काळी पडते. भाकरी करायला बसलं तर आई म्हणायची, थापताना तुटते नि चावताना तुटत नाही. आमच्याकडे शाळेत उंच, पोकळ पोराला 'हायब्रिड' म्हणायचे. शिवी होती ती. मालदांडी ज्वारीला कुणी शिवीत वापरलंय का?

परागकण

मी तेव्हा शाळेत होतो, बापू. माझ्यावर कशाला काढता? आणि त्याच हायब्रिडने पुढे पोटं भरली हेही लिहा. मालदांडीच्या उताऱ्यावर ती भरली नसती.

चिवडा_नंबर_१

परग्रहाच्या धाग्यावर केवडा. चणेफुटाणे घेऊन बसलोय, चालू द्या.

रीळ_फिरवणारा

धन्यवाद परागकण, म्हणजे तिसऱ्या भागाचं शास्त्रही भिकार. खरवसताईंचा एकुलता एक मुद्दा बाजरीसकट गेला.

दुसऱ्या भागाचं तर विचारूच नका. त्या अंतराळवीराच्या जोडीदाराला बाधा का होत नाही? तर त्याच्या रक्तात सिकलसेल, तो आनुवंशिक रक्तदोष! शेवटी त्याच रक्ताने राक्षस मरतो. हसून मुरकुंडी वळली होती आमची. पुढच्या मंगळमोहिमेला सगळे सिकलसेलवालेच पाठवा म्हणावं, लस तरी लागणार नाही.

वैरागडचा_वाटसरू

रीळभाऊ, इतका वेळ नुसता वाचत होतो. मी गडचिरोलीचा. माझ्या मावसबहिणीला सिकलसेल आहे, वाहक नाही, आजारच. थंडी पडली की सांधे असे दुखतात की ती उशी दातात धरते. ओरडली तर पोरं घाबरतात म्हणून. दहावीची परीक्षा तिने दोनदा दिली कारण पहिल्यांदा गणिताच्या पेपरला ती सलाइनवर होती. लग्न ठरताना पत्रिकेआधी रक्ताचा रिपोर्ट बघा म्हणून आम्ही गावोगाव सांगत फिरतो, कारण दोन वाहकांच्या दर चार मुलांत एकाला हे होण्याचा संभव. तुमची मुरकुंडी वळते. वळू द्या.

आणि ज्यावर हसलात ते तेवढं मूर्खपणाचं नाही. जे नुसते वाहक असतात त्यांना जीवघेणा मलेरिया सहसा होत नाही. हा गुण मलेरियाच्या मुलखात टिकला तो त्याचमुळे. लिहिणाऱ्याने तिथून उचललंय. मलेरियाच्या जागी मंगळ ठेवला. मला उलट त्या सिनेमाचा राग दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे: त्या माणसाचं रक्त म्हणजे हत्यार, त्यापलीकडे त्याच्याबद्दल कुणाला काही विचारायचं नाही.

रीळ_फिरवणारा

विनोद होता. सिनेमावर होता, पेशंटवर नव्हता.

वैरागडचा_वाटसरू

"सिकलसेलवालेच पाठवा" हे सिनेमावर होतं?

खरवस

रीळभाऊ, नका ताणू.

रीळ_फिरवणारा

बरं. ते वाक्य चुकलं. मागे घेतो. मलेरियाचं माहीत नव्हतं.

(पण म्हणून दुसरा भाग चांगला ठरत नाही, हे नोंदवून ठेवा.)

वैरागडचा_वाटसरू

तो चांगला आहे असं मी म्हटलंच नाही.

खोडदची_छत्री

अवांतर: परग्रहावरचं आक्रमण बघायचं तर पुण्याच्या कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर जा. गाजरगवत. आयात धान्यातून आलं म्हणतात, पन्नाशीच्या दशकात पुण्यातच दिसलं, मग देशभर. अंगाला लागलं की खाज. शेवटी १९८४ला त्यावर मेक्सिकोचा भुंगा सोडला.

शिवारातला_बापू

भुंग्याने काय केलं? आमच्याकडे गवतपण आहे नि भुंगापण आहे. दोघांचं जमलंय.

परागकण

बापू, भांडण बाजूला ठेवून तिसऱ्याचा शेवट सांगतो, तुम्हाला आवडेल. (ज्यांना पाहायचाय त्यांनी पुढचं वाचू नका.) प्राध्यापकाचा विद्यार्थी डीन साराला एकटीला मरू देत नाही, तिच्यासाठी प्रयोगशाळेत नर तयार करतो. पण तो नर वांझ करून ठेवतो, म्हणजे दोघं जगतील, वंश वाढणार नाही. मी उठून बसलो. सीएसएच-१ कशी केली? मादी वाण असा घेतला की ज्याचा पराग वांझ असतो, तेव्हाच शेतात हवा तो संकर होतो. तीस वर्षं मी वांझ पराग तपासला आणि अमेरिकेच्या स्वस्तातल्या सिनेमाने त्यावर शेवट केला. हेतू उलटा आहे, आमचा वाढवायचा, त्याचा थांबवायचा. वंशावळ चुकली असली तरी एवढं त्यांनी कुणाला तरी विचारून लिहिलंय.

खरवस

बघा! खुद्द खात्यातला माणूस म्हणतोय.

रीळ_फिरवणारा

खात्यातला माणूस सहा-आठ पिढ्याही म्हणाला होता. ते सोयीने विसरलात.

काल रात्री मुद्दाम तिसरा परत लावला. ती आजारी पोरं आणि प्राध्यापक, तेवढा पंधरा-वीस मिनिटांचा भाग बरा आहे. बरा. चांगला नाही. बाकीचा वेळ सारा कपडे शोधत फिरते, तेही मन लावून नाही. पंधरा मिनिटांसाठी तासभर बसवणं याला आमच्यात लुबाडणूक म्हणतात.

खरवस

पंधरा मिनिटं! मला वाटलं पाच देताय. घेते. सत्यनारायणाचा प्रसाद म्हणून घेते.

चिवडा_नंबर_१

आणि चौथा? मेक्सिकोत केलेला, ज्यात ती प्राध्यापिका पुस्तकाला हात लावून वाचते?

खरवस

चौथ्याबद्दल इथे कुणी बोलायचं नाही.

रीळ_फिरवणारा

सहमत. लिहून ठेवा, सहमत.

शिवारातला_बापू

परागकण साहेब, तो वांझ नराचा सिनेमा कुठे मिळेल? नातू लावून देतो म्हणतोय. आणि गावरान बाजरीचं बी कुणाकडे असेल तर दोन किलो पाहिजे, पैसे देईन, हायब्रिड नको.