मदत हवी आहे: पणजोबांच्या पदकावरचा झिजलेला आकडा आणि कूतचा वेढा (१९१५-१६)

मंडळी, नमस्कार.

पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या (आताचा इराक) मोहिमेचा कुणाचा अभ्यास असेल किंवा कुणाच्या घरातलं माणूस तेव्हा मराठा पलटणीत असेल, तर मदत करा. पोस्ट लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळायचा नाही.

आमचं गाव चिपळूण तालुक्यात. पणजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ दोघेही युद्धाच्या आधीच पलटणीत भरती झाले होते. घरात एवढंच सांगतात की दोघे "बसऱ्याला गेले". पणजोबा १९१९ मध्ये परत आले. धाकटा आला नाही.

त्यांची एकच वस्तू उरली आहे, ती म्हणजे रुपयापेक्षा मोठं चांदीचं पदक. एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला उघडा घोडेस्वार आणि १९१४, १९१८ हे आकडे. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत क्रमांक, 'सिपॉय', पणजोबांचं नाव आणि पलटण कोरलेली आहे. नेमका पलटणीचाच आकडा झिजलाय. ११ स्वच्छ दिसतं, पुढचा अंक शून्य आहे, चार आहे, सहा आहे की सात, ते भिंगातूनही कळत नाही. वाचनात आलं ते असं की ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा चारही मराठा पलटणी होत्या.

आता यात माझा जीव का अडकलाय ते सांगते. आमच्या आत्येआजी, म्हणजे पणजोबांची धाकटी लेक, आज नव्वदीच्या पुढे आहेत. त्या सांगतात की पणजोबा परत आले तेव्हा भावकीने त्यांना वर्षभर पंक्तीला घेतलं नाही. कारण काय, तर "तिकडे घोडा खाल्ला, बाटला". पुढे प्रायश्चित्त झालं, गावजेवण घातलं, त्यासाठी एक आंब्याचं कलम लावलेली जमीन गेली. पणजोबा त्या विषयावर आयुष्यभर एक शब्द बोलले नाहीत. पण जात्याभोवती सांडलेलं पीठ ओल्या बोटाने टिपून तोंडात घालायचे. एसटी नव्हती तेव्हा लोक चिपळूणला टांग्याने जायचे, हे मात्र चालत जायचे. टांग्यात कधी बसले नाहीत.

गेल्या महिन्यात मी कूत-अल-अमाराच्या वेढ्याबद्दल वाचलं आणि अंगावर काटा आला. जनरल टाऊनशेंडची सहावी (पुणे) डिव्हिजन बगदादच्या दिशेने निघाली, नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफोनला अडली, मागे हटून टायग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत गावात शिरली आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांनी तिला वेढलं. जवळजवळ पाच महिने! २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० माणसं शरण गेली. शेवटी शेवटी आतले लोक घोडे आणि खेचरं खात होते.

माझे प्रश्न असे:

पदक खराब न करता तो अंक कसा वाचायचा? सोनाराकडे द्यायची भीती वाटते, आधीच एकदा उजळून आणलंय.

या चारपैकी कुठल्या पलटणी कूतच्या आत होत्या?

घोड्याच्या मांसाबद्दल नक्की काय घडलं? लोकांनी आपखुशीने खाल्लं, की हुकूम होता?

आणि धाकट्या पणजोबांचं नाव कुठे शोधायचं? गावच्या शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, इतकी माणसं महायुद्धात गेली, त्यातली चार कामी आली एवढंच तिच्यावर लिहिलंय. नावं नाहीत. शाळेची इमारत आता पाडणार आहेत. नवीन पाटी बसेल तेव्हा तिच्यावर चार नावं असावीत असं मला मनापासून वाटतं. त्यातलं एक आमच्या घरातलं आहे, बाकीची तीन घरंही शोधायची आहेत.

— कोकणकन्या_७९

प्रतिसाद: बेळगावकर_निवृत्त

ताई, माझी सगळी नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत झाली, म्हणून राहवलं नाही.

पदक अजिबात घासू नका, लिंबू-चिंच-पावडर काही लावू नका. अंधाऱ्या खोलीत ते आडवं धरा आणि मोबाईलचा टॉर्च कडेला अगदी समांतर ठेवून फोटो काढा. प्रकाश तिरका पडला की अक्षराची खोबण सावली धरते. दुसरा उपाय म्हणजे पातळ बटर पेपर कडेवर गुंडाळून मऊ पेन्सिल हलक्या हाताने फिरवायची. शून्य आणि सहा गोलाकार उठतील, चार आणि सात सरळ रेषेत.

कूतच्या आत तीन मराठा पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. ११४ आणि ११६ नव्हत्या. १९२२ च्या फेररचनेत १०३ ची पहिली, ११० ची तिसरी आणि ११७ ची पाचवी बटालियन झाली. म्हणजे तुमचा अंक शून्य किंवा सात निघाला तर शक्यता पक्की होते, पण तेवढा पुरावा पुरत नाही. त्याच पलटणीचे आजारी, जखमी किंवा मागाहून पाठवलेले जवान वेढ्याच्या बाहेरही होते.

घरात दुसरं काही पदक होतं का? जो ३१ डिसेंबर १९१५ च्या आत रणांगणावर पोचला त्याला एक पितळी रंगाचा तारा मिळायचा. वेढा डिसेंबरात पडला, त्यामुळे आतल्या प्रत्येकाचा त्या ताऱ्यावर हक्क होता. आत्येआजींना विचारून बघा.

घोड्याबद्दल. सुरुवातीला बहुतेक हिंदी शिपायांनी साफ नकार दिला. टाऊनशेंडने बिनतारी संदेश पाठवून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली, ती आली, तरीही लोक खाईनात. भीती देवाची कमी आणि गावाची जास्त होती. परत गेल्यावर पंक्तीला कोण घेईल, पोरींची लग्नं कशी होतील, हे त्यांनी अधिकाऱ्यांना बोलून दाखवलं होतं. मांस नाही, भाजी नाही, म्हणून हिरड्या सुजून रक्त यायला लागलं, जखमा भरेनात. रानातला पाला उकडून खाल्ला, त्यातही काही विषारी निघाला. एप्रिलमध्ये पीठ मुठीएवढ्यावर आलं आणि वरून दटावणी झाली, तेव्हा बहुतेकांनी खाल्लं.

तुमच्या पणजोबांना ज्या भावकीची भीती वाटली असेल, त्या भावकीने पुढे तेच केलं. फार वाईट वाटलं वाचून.

प्रतिसाद: जुनी_पाने

नावाच्या शोधाबद्दल. बसरा स्मारकावर ४०,००० हून अधिक बेपत्ता सैनिकांची नोंद आहे, पण दगडावर हिंदी अधिकाऱ्यांचीच नावं कोरली, साध्या शिपायांचा पलटणवार फक्त आकडा दिला. तुमच्या शाळेच्या पाटीसारखंच. युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ च्या अहवालात ही असमानता कबूल केली. त्यांच्या संकेतस्थळावर मात्र शिपायांची नावं शोधता येतात. पलटणीवरून शोधा, नावावरून नको, कारण स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव आणि गाव-तालुका असतो, तिथे 'चिपळूण' वेगवेगळ्या स्पेलिंगने घालून बघा. बाकीची तीन घरंही तशीच सापडतील.

धाकटे पणजोबा कैदेत गेले असतील तर शरणागतीनंतरच्या तारखा विशेष पाहा. भुकेल्या पोटी तुर्कांची दगडासारखी बिस्किटं खाऊन पहिल्याच दिवसांत कितीतरी गेले. उरलेल्यांना वाळवंटातून मोसूलमार्गे चालवत नेलं, हिंदी शिपायांना रास-अल-ऐनला (आताच्या सीरियात) बगदाद रेल्वेच्या कामावर लावलं. टाऊनशेंड स्वतः इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण शाळेत ती कुणी जोडून दाखवत नाही. मोहीम हिंदुस्थान सरकारने चालवली होती, आणि तिच्या गलथानपणाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये आला. भारतमंत्री (ब्रिटिश मंत्रिमंडळात हिंदुस्थानचा कारभार पाहणारे मंत्री) ऑस्टिन चेंबरलेनना राजीनामा द्यावा लागला, त्यांच्या जागी माँटेग्यू आले आणि त्यांनी २० ऑगस्ट १९१७ ला जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली. हिंदुस्थानच्या कारभाराचा १९१९ चा कायदा तिथून निघाला. आपण परीक्षेत 'माँटेग्यूची घोषणा, टीप लिहा' असं लिहीत आलो, तिच्यामागे तुमच्या पणजोबांची उपासमार आहे.

कोकणकन्या_७९

दोघांचेही किती आभार मानू. रात्री तिरक्या उजेडात फोटो काढले. शेवटचा अंक शून्य आहे. वरपासून खालपर्यंत एकच गोलावा स्पष्ट दिसतोय. म्हणजे ११०.

आज सकाळी आत्येआजींना फोन केला. पितळी ताऱ्याचं काही आठवतं का, असं विचारलं, तारा कसा दिसतो ते मुद्दाम सांगितलं नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "चांदणी ना? तलवारींची फुली होती तिच्यावर. आमच्या अण्णाने वसुबारसेला पाडसाच्या गळ्यात बांधली, ते पाडस चरायला गेलं आणि चांदणी पडली ती पडलीच. बाबा रागावले नाहीत. बरं झालं म्हणाले."

१९१४-१५ च्या ताऱ्यावर दोन तलवारींची फुली असते, हे मी नंतर चित्रात पाहिलं.

उद्यापासून कमिशनच्या संकेतस्थळावर ११० नंबर पलटणीच्या नोंदी वाचायला घेते. चिपळूणची जी जी नोंद सापडेल ती इथेच टाकत जाईन. खेड, गुहागर, संगमेश्वर भागातल्या कुणाला आपल्या गावच्या पाटीवरची नावं हवी असतील तर गावाचं जुनं स्पेलिंग लिहून ठेवा, त्याच फेरीत तीही बघते.