मदत हवी आहे: बुरशीच्या जेनेटिक्समध्ये स्वतःचं काम सुरू करायचंय, आधी नोकरी की आधी पोस्टडॉक?

नमस्कार. इथे कॉलेजात शिकवता शिकवता लॅब चालवणारे काही जण आहेत, म्हणून विचारते. मला महिन्याभरात होकार-नकार कळवायचा आहे.

माझी पीएचडी भातावरच्या करप्याच्या बुरशीवर, म्हणजे मॅग्नापोर्थेवर झाली. बुरशीतलं एखादं जनुक काढून टाकायचं आणि मग तिला पानात शिरता येतं का ते बघायचं, अशा स्वरूपाचं काम. आता हातात दोन गोष्टी आहेत. युरोपातल्या एका लॅबमध्ये दोन वर्षांची पोस्टडॉक, तीही मॅग्नापोर्थेवरच. आणि सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात मायक्रोबायोलॉजीची असिस्टंट प्रोफेसरची कायम जागा. ज्यांनी तासिका तत्त्वावर उमेदीची वर्षं काढली त्यांना कायम जागेची किंमत मी सांगायला नको. माझं वय ३०.

पण माझा जीव अडकलाय तिसऱ्याच गोष्टीत. आमचं गाव ऊसपट्ट्यातलं. तोड झाल्यावर पाचट पेटवलं की काही दिवसांत जळक्या बुडख्यांवर गडद केशरी भुकटी फुटते. ती न्यूरोस्पोरा नावाची बुरशी. हिचे लैंगिक बीजाणू जमिनीत निवांत पडून असतात आणि आगीची धग लागली की जागे होतात. लॅबमध्ये आपण त्यांना ६० अंशांवर अर्धा-पाऊण तास ठेवतो, शेतात तेच काम पाचटाची आग करते. बंगळुरूच्या आयआयएससीत रमेश माहेश्वरी यांच्या गटाने १९९०च्या दशकात उसाच्या शेतातल्या न्यूरोस्पोरा इंटरमीडियावर काम केलं होतं. ते वाचल्यापासून मी आमच्या शिवारातून नमुने जमवते आहे. गाईडच्या परवानगीने लॅबमध्येच त्यांचे आपापसात क्रॉस, म्हणजे संकर, लावले.

त्यातला एक क्रॉस मला झोपू देत नाही. पेरिथेशियम, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या ज्यात असतात ते बारीक फळ, फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. प्रत्येक पिशवीत आठ बीजाणू असतात आणि पिकल्यावर ते सगळे काळे व्हायला हवेत. इथे पिशवीमागून पिशवीत चार काळेभोर आणि चार बारके, पारदर्शक, मेलेले. टर्नर आणि पर्किन्स यांनी १९७९ मध्ये वर्णन केलेला स्पोअर किलर अगदी असाच दिसतो: ज्या भावंडांना तो जनुक-गट मिळत नाही त्यांना तो मारून टाकतो, आणि त्यामुळे वारशात निम्म्याऐवजी जवळजवळ पूर्ण वाटा त्याचाच होतो. आपल्या उसाच्या फडात असं काही असेल तर ते शोधायला मला आवडेल, आणि ते माझं स्वतःचं काम असेल.

प्रश्न असा, की एवढ्या भांडवलावर करिअर उभं करता येतं का? आठवड्याला १६ तासांच्या लोडमध्ये हे जमेल का? एका मुलाखतीत विचारलं गेलं, "बीडल-टाटमनंतर यात उरलंय काय, आणि याचा उपयोग काय?" १९४१ मध्ये बीडल आणि टाटम यांनी याच बुरशीवरून एक जनुक-एक एन्झाइम हे गणित उलगडलं म्हणून ती संपली, असं कसं? जावा बेटावर शेंगदाण्याच्या पेंडीवर न्यूरोस्पोरा वाढवून ऑनचोम नावाचं अन्न करतात, लोक ते रोज खातात. हे मी तिथे सांगितलं, पण समिती पुढच्या प्रश्नाकडे वळली. गाईड म्हणतात, पोस्टडॉकशिवाय कुणी उभं करणार नाही. कृपया मोकळेपणाने सांगा.

प्रतिसाद १

ताई, करिअरचं नंतर बोलू, आधी तो क्रॉस पक्का करा. ४:४ (काळे:पांढरे) दिसलं म्हणजे स्पोअर किलर असं नाही. गुणसूत्राचा तुकडा दुसरीकडे जाऊन बसला असेल तरी पांढरे बीजाणू येतात. पेरिथेशियम फोडत बसण्यापेक्षा आगरच्या तुकड्यावर पेरिथेशियममधून आठाआठाने उडालेले पुंजके गोळा करा आणि भरपूर मोजा. ८:० आणि ४:४ साधारण सारखेच आले तर तुकडा दुसऱ्या गुणसूत्रात घुसलाय. ८:० जितके तितकेच ०:८ आले तर दोन गुणसूत्रांत अदलाबदल आहे. जवळजवळ सगळेच ४:४ असतील तरच पुढे जा.

मग वाचलेल्या चार काळ्या बीजाणूंपासून वाढ घेऊन संवेदनशील, म्हणजे किलर नसलेल्या, पण विरुद्ध लिंगप्रकाराच्या (मेटिंग टाइपच्या) स्ट्रेनशी पुन्हा क्रॉस लावा. किलर असेल तर ती सगळी व्यवस्थित फळतील आणि प्रत्येक क्रॉसमध्ये पुन्हा ४:४ येईल. घुसलेला तुकडा असेल तर हेच वाचलेले दुप्पट तुकडा घेऊन बसलेले असतात, त्यांचे क्रॉस बहुधा वांझ निघतात. शेवटी एसके-२ आणि एसके-३ या माहीत असलेल्या स्पोअर किलर स्ट्रेनशी लावून बघा. त्या कॅन्ससच्या फंगल जेनेटिक्स स्टॉक सेंटरकडून मागवता येतात, आयातीची परवानगी मात्र आधी काढा.

आणि तुकडा घुसलेला निघाला तरी हिरमुसू नका. हैदराबादला दुर्गादास कसबेकरांनी न्यूरोस्पोरातल्या अशा दुप्पट तुकड्यांवरच कितीतरी वर्षं सुंदर काम केलं आहे.

प्रतिसाद २

मी साताऱ्याकडच्या कॉलेजात आहे. नोकरी घ्या असं म्हणेन, कारण तुमची बुरशी सांभाळायला स्वस्त आहे. साखर, क्षार आणि चिमूटभर बायोटिन एवढ्यावर न्यूरोस्पोरा वाढते. उणे ८० चा फ्रीझर नको, सिलिका जेलवरचे स्टॉक वर्षानुवर्षं टिकतात. लागेल तो २५ अंशांचा इन्क्युबेटर, नाहीतर एप्रिल-मेमध्ये क्रॉस फळणार नाहीत. तो मात्र स्वतंत्र घ्या. केशरी बीजाणू एकदा बीएस्सीच्या प्रॅक्टिकलच्या प्लेटांवर उतरले की विभागप्रमुख तुम्हाला लॅबमध्ये पाऊल ठेवू देणार नाहीत.

१६ तास खरे आहेत, त्यावर परीक्षा, नॅक आणि प्रवेश समित्या वेगळ्या. उन्हाळा राखून ठेवा. विज्ञान अकादमींची समर फेलोशिप शिक्षकांनाही मिळते, त्यातून मोठ्या संस्थेत जाऊन सिक्वेन्सिंगचं काम उरकता येतं. रुजू झाल्या झाल्या एएनआरएफच्या (केंद्राच्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या) नवोदितांसाठीच्या अनुदानाकडे लक्ष ठेवा. आणि टीवायच्या दोन हुशार मुली हाताशी धरा, पुंजके मोजायला त्यांच्यासारखं कुणी नाही.

प्रतिसाद ३

माझं मत उलटं. कायम जागा पुन्हा मिळणार नाही ही भीती खरी आहे, पण किलरचं जनुक शोधायचं तर जीनोम वाचून त्याचा अर्थ लावता आला पाहिजे, आणि कॉलेजात ते शिकवणारं कुणी नसेल. दोन वर्षं जा, मॅग्नापोर्थेवर तेच शिका. परत यायचं असेल तर इन्स्पायर फॅकल्टी या केंद्र सरकारच्या तरुण संशोधकांसाठीच्या फेलोशिपची वयोमर्यादा आत्ताच तपासा, तिशी ओलांडल्यावर ती फार लवकर आडवी येते. आणि स्ट्रेन बॅगेत टाकून परदेशी नेऊ नका, २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली मंजुरी लागते. जायच्या आधी एकेक प्रत पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात जमा करा.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. पुंजके मोजायला उद्यापासूनच सुरुवात करते, आकडे आले की इथेच टाकते. आघारकरला जमा करायचं तर निर्णय काहीही झाला तरी करायचंच, हे पटलं. कॉलेजला रुजू व्हायची मुदत वाढवून मागितली तर ते देतात का, की जागाच जाते? अनुदानित संस्थेत हा प्रयोग कुणी केला असेल तर अर्जात काय लिहिलं होतं तेही सांगा.