मदत हवी आहे: जुन्या बोटीच्या पुढच्या काचेचं रबर बदलायचंय, नाशिकमध्ये काय मिळेल?

मामांनी उरणहून एक जुनी १६ फुटी फायबरची बोट आणली आहे, ट्रेलरसकट. नाशिकला बोट घेऊन काय करणार, हे मामी रोज विचारतात. दिवाळीनंतर मुरूडला न्यायचा बेत आहे. तोवर ती गिरणारे रोडच्या मळ्यात अर्धी शेडखाली, अर्धी बाहेर उभी असते. नेमकं काचेचं तोंड बाहेर. गेल्या पावसाळ्यात पाणी डॅशबोर्डवर ठिबकून तिथले दोन मीटर बंद पडले.

काचेचे तीन भाग आहेत. डावी-उजवी पक्की, मधली दारासारखी उघडणारी. तिन्हींना अ‍ॅल्युमिनियमची चौकट. दोन्ही कडांचे वळणाचे तुकडे मात्र काच नसावेत, नाणं वाजवलं की आवाज बद्द येतो.

रविवारी मी पाइप धरला आणि मामा टॉर्च घेऊन आत बसले. आधी फक्त चौकट आणि डेकच्या सांध्यावर दहा मिनिटं पाणी मारलं. आत कोरडं. मग पाइप जरा वर, काचेच्या खालच्या कडेवर नेला, तर दुसऱ्याच मिनिटाला आतून आरोळी, "आलं रे, आलं!" म्हणजे दोष रबराचाच. नखाने दाबलं तर त्याचा चुरा पडतो, आणि डाव्या कोपऱ्यात त्याची दोन तोंडं एकमेकांपासून बोटभर लांब गेली आहेत. त्या फटीत आधीच्या मालकाने सिलिकॉन कोंबलंय. चौकटीच्या स्क्रूंभोवती पांढरी पावडर जमलीय आणि चार स्क्रू हलायला तयार नाहीत.

इथल्या द्वारका चौकाजवळ एका काचवाल्याने रबर हातात न घेताच सांगितलं, बसचं बीडिंग (काचेभोवतीची रबरी पट्टी) टाका. पण बसच्या रबरात एका खाचेत काच, दुसऱ्या खाचेत पत्रा बसतो. आमच्याकडे पत्रा नाहीच. यू आकाराच्या रबरात काच, आणि ते रबर चौकटीच्या खाचेत.

तर रबर कुठल्या जातीचं, ईपीडीएम घ्यावं की निओप्रीन? जुन्या रबराच्या मापानेच नवं आणू का? जोड कुठे ठेवायचा? आणि अडकलेल्या स्क्रूंचं काय करू?

प्रतिसाद १

मी अंबडला बस बॉडीच्या कामात होतो. जुन्या रबराच्या मापाने आणू नका, ते आटलेलं असतं. आकार समजायला त्याचा तुकडा ब्लेडने सरळ कापा, शाईच्या पॅडवर दाबा आणि कागदावर शिक्का उठवा. हा कागद दाखवला की दुकानदार अंदाजाने बोलत नाही. माप मात्र व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या कॅलिपरने) काचेची जाडी आणि चौकटीची खाच यांचंच घ्या.

उन्हापावसाला ईपीडीएमच. निओप्रीन जिथे तेल-पेट्रोल लागतं तिथे. बसवताना साबणाचं पाणी वापरा, ग्रीस-ऑइल अजिबात नको, ईपीडीएम त्याने फुगतं. आणि ओढून बसवू नका. ओढलेलं रबर महिन्याभरात परत आखडतं आणि कोपरा उघडा पडतो, तुमचा पडलाय तसाच. दोन-तीन सेंटिमीटर जास्त कापा आणि ढकलत ढकलत भरा. जोड कोपऱ्यात ठेवू नका, सरळ कडेच्या मध्यावर, शक्यतो वरच्या बाजूला.

प्रतिसाद २

ते वळणाचे तुकडे अ‍ॅक्रिलिक (पारदर्शक प्लास्टिक) असतील तर थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावू नका, बारीक तडे जातात. जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. अ‍ॅक्रिलिक ३० अंशांच्या फरकाला मीटरमागे साधारण २ मिलिमीटर वाढतं, म्हणून लांबीच्या दिशेने मोकळी जागा ठेवा.

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन अ‍ॅल्युमिनियमवर नको, न्यूट्रल मागा. स्टीलचा स्क्रू, अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि मध्ये खारं पाणी, त्यातून ती पांढरी पावडर येते. गंज सोडवायचं तेल टाकून रात्रभर ठेवा, मग आधी जरा घट्ट आवळून बघा आणि नंतर सोडवा. हीट गन अ‍ॅक्रिलिकजवळ नको. नवं रबर घालण्याआधी ते तेल पुसून, साबणाने धुऊन काढा.

धागाकर्ता

दोघांचे आभार. मामींच्या हिशेबाच्या वहीत शिक्का उठवला, त्यावरून वेगळं रामायण झालं. काच ६ मिलिमीटर, खाच १२. म्हणजे दोन्ही बाजूंना ३-३ हवं. जुन्या रबराची भिंत अडीच भरली! तेच माप घेऊन गेलो असतो तर नवं रबरही पहिल्या दिवसापासून गळलं असतं. तीन स्क्रू निघाले, चौथ्याचं डोकं घासलं गेलंय, त्यावर ड्रिल चालवावं लागेल. सातपूर-अंबडमध्ये १२-१५ मीटर रबर सुटं देणारं कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मधल्या दाराला पोकळ, डी आकाराचं लागेल, तेही हवंय.